फ्रेडीनं क्वीन फोडली नव्हती! रॉक गायकांवरच्या पिक्चरमध्ये खरं किती असतं?

रंकाळावेस

काल रात्री भाच्याबरोबर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' परत बघितला, क्वीन या इंग्लिश रॉक बँडच्या फ्रेडी मर्क्युरी या गायकावरचा पिक्चर. पोरगं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलच्या मेसला कंटाळलं की शनिवारी आमच्याकडं जेवायला येतं. पिक्चर संपला, मी पांढरा रस्सा परत गरम करायला ठेवला, तर हा म्हणतो, "मामा, पण फ्रेडीनं जरा माजच केला. पैशासाठी एकटा गेला, बँड फुटला, आणि आजारी पडल्यावर रडत परत आला."

मी पळी हातात धरून तसाच उभा राहिलो. त्याची काही चूक नव्हती. पडद्यावर नेमकं तसंच दाखवलंय.

घडलं ते असं. क्वीनमधनं स्वतःचा वेगळा अल्बम आधी काढला तो ड्रमर रॉजर टेलरनं, १९८१ साली. गिटारवाल्या ब्रायन मेचा छोटा अल्बम १९८३ चा. फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' आला एप्रिल १९८५ मध्ये, तिघांच्यात शेवटी. आणि बँड फुटला म्हणावं तर फेब्रुवारी १९८४ मध्ये क्वीनचा 'द वर्क्स' आला, जानेवारी १९८५ मध्ये ही मंडळी रिओत अफाट गर्दीसमोर वाजवत होती आणि मे महिन्यात जपानमध्ये. लाइव्ह एड, म्हणजे वेंब्ली स्टेडियमवरचा तो मदतीसाठीचा मोठा कार्यक्रम, झाला १३ जुलैला. म्हणजे मधे जेमतेम दोन महिने गेले. पिक्चरमध्ये मात्र लई दिवस एकमेकांचं तोंड न बघितलेले चौघे वेंब्लीच्या तोंडावर घाईघाईनं एकत्र येतात, फ्रेडीचा घसा बसलेला, आणि त्याच तालमीत तो सांगतो की मला एड्स झालाय. त्याच्याबरोबर शेवटपर्यंत राहिलेल्या जिम हटननं हे निदान १९८७ चं असल्याचं लिहून ठेवलंय.

मिशी कधी आली, केस कधी कापले यावर मी भांडत नाही. 'वुई विल रॉक यू' हे १९७७ चं गाणं पिक्चरमध्ये १९८० साली रचताना दाखवलंय. चालतंय. एवढा माणूस दोन-सव्वादोन तासांत बसवायचा तर कात्री लागणारच. माझं दुखणं वेगळं आहे. तारखा हलवताना दोषही हलवलाय, आणि तो जाऊन पडला कुणाच्या माथी? जो १९९१ मध्येच गेला त्याच्या. मे आणि टेलर तर या पिक्चरच्या कामात स्वतः होते.

मला हे एवढं का झोंबलं तेही सांगतो. १९९४ ला कॉलेजात आम्ही चौघांनी बँड काढला होता. शाहूपुरीत एकाच्या वडलांची गुळाची अडत होती, तिच्या मागच्या खोलीत तालीम. गुळाचे रवे एकावर एक रचलेले, त्यामुळं आवाज छान दबायचा. माश्या मात्र तोंडात. गिटार माझी, आणि ड्रमच्या नावाखाली लग्नाच्या बँडवाल्याकडनं आणलेला साइड ड्रम. गॅदरिंगला 'वुई विल रॉक यू' सुरू केलं आणि नेमकी लाईट गेली. पण पोरांनी पाय आपटून ठेका धरला आणि आम्ही अंधारात, माईकशिवाय, पाच मिनिटं गात राहिलो. अजून अंगावर काटा येतो. पुढं ड्रमर पुण्याला नोकरीला गेला आणि आमची क्वीन तिथंच बुडाली.

असो. तर अशा पिक्चरपैकी तुम्हाला खरा वाटलेला कुठला? आणि कुठल्यानं डोकं फिरवलं?

पेठेतला_पोरगा

काका, लईच मनावर घेतलंय. पिक्चर हाय त्यो, सातबारा न्हवं. शेवटच्या लाइव्ह एडला आमची आख्खी लाईन खुर्चीवर उभी राहिली हुती. नाद खुळा. खोटं असंल तर असू दे की.

टेबललँड

माझं माहेर पाचगणीचं, त्यामुळे माझी तक्रार जरा घरगुती आहे.

फारोख बलसारा, म्हणजे हाच फ्रेडी, आमच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. झांझिबारमधल्या पारशी घरातलं लहान पोर, बोटीनं मुंबईत आणि तिथून पसरणीचा घाट चढून पाचगणीला. १९६३ पर्यंत तो भारतात होता. शाळेतल्या पाच मुलांचा हेक्टिक्स नावाचा बँड होता आणि त्यात हा पियानो वाजवायचा. 'फ्रेडी' हे नावही शाळेतच पडलं. म्हणजे बोट दाखवून म्हणावं 'इथं हा गवई झाला', तर ती जागा कोल्हापूरहून तीन-साडेतीन तासांवर आहे. आणि चित्रपटाची गोष्ट सुरू होते १९७० च्या लंडनमध्ये, विमानतळावर सामान उतरवणाऱ्या पोरापासून. बोर्डिंगची सगळी वर्षं आईवडिलांच्या एखाद-दुसऱ्या वाक्यात आटोपली.

घडलेलं बदललं त्याच्यापेक्षा जे गाळलं ते मला जास्त खुपलं. जून लागला की पाचगणीत चार हातांपुढचं दिसत नाही, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या होतात. आईवडील समुद्रापलीकडे आणि हा त्या धुक्यात पियानोपाशी. असं एक दृश्य, अर्ध्या मिनिटाचं, चाललं असतं मला. पुढे मैदानं भरून माणसांना आपल्याकडे ओढून घेणारा हा माणूस घरात इतका लाजरा का होता, ते न बोलता कळलं असतं.

रंकाळावेस

टेबललँड, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही कॉलेजातनं पाचगणीला दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा स्ट्रॉबेरी खाऊन परत.

सायंतारा

आधी एक व्यवहाराची गोष्ट लक्षात घ्या. रॉक गायकावर चित्रपट काढायचा तर त्याची गाणी लागतात आणि गाण्यांचे हक्क कोणाकडे तरी असतात. बहुतेक वेळा बँडच्या उरलेल्या लोकांकडे, नाहीतर वारसांकडे. त्यांनी मान हलवली तर गाणी मिळणार. मग ती मान कोणत्या पानावर हलली आणि कोणत्या पानावर नाही, हे पटकथेत दिसतंच.

परवानगी नाही मिळाली तर काय होतं? गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरच्या चित्रपटात आंद्रे बेंजामिननं काम सुंदर केलं आहे, पण हेंड्रिक्सच्या वारसांनी गाणी दिली नाहीत, म्हणून त्यात हेंड्रिक्स दुसऱ्यांचीच गाणी वाजवत राहतो. गायक डेव्हिड बोवीवरच्या २०२० च्या 'स्टारडस्ट'ची तीच गत, बोवीचं एकही गाणं नाही. पुरणाशिवाय पोळी.

पण म्हणून परवानगीशिवाय काढलेला तो निर्भीड आणि खरा, असंही समजू नका. त्याच हेंड्रिक्सच्या चित्रपटात तो मैत्रिणीला टेलिफोनच्या रिसीव्हरनं मारतो. ती मैत्रीण कॅथी एचिंगहॅम हयात होती आणि असं कधीही घडलं नाही, असं तिनं जाहीरपणे सांगितलं. तिला आधी कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. इथे वारसांचा दबाव नव्हता, तरी आळ आलाच.

मला खरा वाटलेला एकच, 'कंट्रोल', २००७ चा. जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस याच्यावर आहे. दिग्दर्शक अँटन कॉर्बाइननं तो बँड असतानाच त्यांचे फोटो काढलेले होते. सगळा चित्रपट काळापांढरा, आणि नटांनी वाद्यं स्वतः वाजवली आहेत. गोष्ट बेतली आहे कर्टिसच्या बायकोच्या पुस्तकावर. जिच्याशी तो वाईट वागला, तिच्याच आठवणी! तरीही तो राक्षस होत नाही. तेवीस वर्षांचा, फिट्स येणारा, दोन बायकांत अडकलेला घाबरट मुलगा दिसतो. मी दुसऱ्यांदा बघू शकले नाही.

तुंबा

मिरजेहून. धाग्यात जरा उशिरा आलो.

अमेरिकन गायक बॉब डिलनवरचा २०२४ चा पिक्चर कुणी बघितला का? आमच्या गल्लीत सतारीचे भोपळे वाळत घातलेले असतात, त्यामुळं वाद्य बदललं म्हणून लोक चिडतात ही गोष्ट मला लगेच पटते. १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलननं इलेक्ट्रिक गिटार काढली आणि लोक खवळले, हे खरं. पण पिक्चरमध्ये तिथं एक माणूस "ज्यूडास!" (म्हणजे गद्दार) म्हणून ओरडतो, ती आरोळी न्यूपोर्टची नव्हे. ती मँचेस्टरची, मे १९६६ ची. पिक्चरवाल्यांनी सरळ उचलून समुद्रापलीकडं नेली.

गंमत पुढंच आहे. त्यात काम केलेल्या एडवर्ड नॉर्टननं मुलाखतीत सांगितलं होतं, की पटकथेत एक तरी गोष्ट साफ खोटी असली पाहिजे असा खुद्द डिलनचाच आग्रह होता. आता या माणसाचं काय करायचं सांगा.

पेठेतला_पोरगा

डिलन आपला माणूस हाय.

ऑर्केस्ट्रावाला_काका

मी पंचवीस वर्षे ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. त्यामुळे कथा-बिथा मी नंतर बघतो, आधी बोटे बघतो. पिक्चरमध्ये नट पियानोवर बसला आणि कॅमेरा लगेच त्याच्या चेहऱ्यावर गेला की समजायचे, बोटे दुसऱ्याची.

डोअर्स बँडच्या जिम मॉरिसन या गायकावरच्या 'डोअर्स'मध्ये व्हॅल किल्मर बराचसा स्वतः गायला आहे आणि अफाट गायला आहे. पण डोअर्सचा कीबोर्डवाला रे मॅन्झारेक त्या पिक्चरवर कायम नाराज होता, आमचा जिम असा सदासर्वकाळ झिंगलेला नव्हता म्हणून. पिक्चरमध्ये मॉरिसन फिल्मचे शिक्षण सोडून देतो, प्रत्यक्षात तो १९६५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. कवी म्हटला की शिक्षण अर्धवट पाहिजे, हा आपल्याकडचाच नियम त्यांनी तिकडे लावलेला दिसतो.

फ्रेडी झालेल्या रामी मालेकला ऑस्कर मिळाले, पण गळा त्याचा नाही. फ्रेडीच्या मूळ ध्वनिमुद्रणांत मार्क मार्टेल नावाच्या गायकाचा आवाज मिसळला आहे. यात कमीपणा काही नाही. आपल्या 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावेच्या तोंडी आनंद भाटे यांचा आवाज आहे आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते बघताना मला एकदाही खोटे वाटले नाही.

आता रंकाळावेस यांच्या मूळ मुद्द्याला हात घालतो. प्रभात कंपनी आपल्या कोल्हापुरात १९२९ मध्ये निघाली, नंतर पुण्याला गेली आणि तिथे १९३६ मध्ये 'संत तुकाराम' झाला. गाणाऱ्या माणसावरचा याहून मोठा चरित्रपट मला कोणी दाखवावा! त्यातला 'आधी बीज एकले' हा अभंग तुकोबांचा नव्हे, शांताराम आठवले यांनी पिक्चरसाठी रचला. लोक तो गाथेत शोधत बसले होते, अशी आठवण सांगतात. आमच्या आजीने मरेपर्यंत तो तुकोबांचा म्हणूनच म्हटला. मग हे खोटे का खरे? तुमच्या हिशेबाने आठवलेसुद्धा गुन्हेगार.

पेठेतला_पोरगा

काकांनी फास टाकला. आता बोला. आणि त्यो इतिहासातला पिक्चर आला हुता बघा मागल्या वर्षी, त्यात तर

संपादक मंडळ

ऐतिहासिक चित्रपटांचा वाद या धाग्यावर नको. त्यासाठीचे चार धागे आधीच बंद करावे लागले आहेत. वरील प्रतिसादाचा उर्वरित भाग काढला आहे.

रंकाळावेस

काका, रात्रभर विचार केला.

आठवल्यांनी तुकोबांना एक अभंग दिला. तुकोबांचं त्यात काही गेलं नाही, कुणावर आळ आला नाही, आणि रचना अशी की गाथेत ठेवली तर परकी वाटू नये. क्वीनच्या पिक्चरनं फ्रेडीला न केलेली चूक दिली. देण्यादेण्यात फरक आहे की नाही?

म्हणूनच गायक एल्टन जॉनवरच्या 'रॉकेटमॅन'वर माझा राग नाही. एल्टन जॉन १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रूबडूर क्लबमध्ये 'क्रॉकोडाइल रॉक' म्हणतो, जे गाणं १९७२ मध्ये आलं. वर आख्खं पब्लिक जमिनीवरनं हवेत उचललं जातं! हवेत तरंगणाऱ्या माणसाला कोण तारीख विचारणार? पिक्चर पहिल्या रीळपासनं सांगतो की ही त्याच्या डोक्यातली गोष्ट आहे. शिवाय एल्टन स्वतः निर्मात्यांत होता आणि त्यानं दारू, कोकेन, तिरसटपणा सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. 'जॉन' हे नाव बीटल्सच्या जॉन लेननवरनं घेतलं असं दाखवलंय, ते खरं लाँग जॉन बॉल्ड्री या गायकावरनं. फुशारकी म्हणून सोडून देऊ.

सायंतारा

रंकाळावेस, 'संत तुकाराम'ला इतक्या लवकर निर्दोष सोडू नका. आळ तिथेही आहे, सालोमालो आठवा. तुकोबांचे अभंग चोरून स्वतःच्या नावावर खपवणारा, नटवा, बायकी हातवारे करणारा. प्रेक्षक आजही त्याला हसतात. त्या माणसाची बाजू मांडायला कोण आलं होतं?

गाणाऱ्या माणसाच्या गोष्टीला एक सालोमालो लागतोच. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त तर दोन आहेत. सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर चालणार नाही म्हणून हाकलून देणारा कंपनीचा रे फॉस्टर, असा माणूस नव्हताच. दुसरा पॉल प्रेंटर. हा खरा होता आणि त्यानं फ्रेडीच्या खाजगी गोष्टी वर्तमानपत्राला विकल्या हेही खरं, पण १९८७ मध्ये. चित्रपटात ते लाइव्ह एडच्या आधी आणलं, म्हणजे त्याला हाकलून फ्रेडीला शुद्धीवर आणता येतं. तोही १९९१ मध्येच वारला. मेलेल्यांची सोय सगळ्यांनाच असते.

टेबललँड

मग चित्रपट काढायचा तरी कसा? दोष कुणाचाच नाही, चौघे अधूनमधून भांडले, दमले, थोडे दिवस आपापलं काम करून परत आले. माझ्या नवऱ्याला हे वाचून दाखवलं, तो म्हणाला, हा तर आमच्या सोसायटीचा वृत्तांत झाला.

ऑर्केस्ट्रावाला_काका

सायंताराताई, सालोमालोचे कबूल. पण तो काम काय करतो हो!

साइडड्रम

चार दिवस धागा नुसता वाचत होतो. खातं नव्हतं, आज मुद्दाम उघडलं.

रंकाळावेस, तू अजून तीच गोष्ट सांगतोस होय रे?

लाईट गेली नव्हती. स्टेजवरच्या ट्यूब चालू होत्या, पहिल्या रांगेत बसलेल्या प्राचार्यांचं तोंड मला स्पष्ट दिसत होतं. तुझा पाय वायरीत अडकला आणि ॲम्प्लिफायरचा प्लग निघाला. पोरांनी पाय आपटले हे खरं, पण ते आम्हाला खाली उतरवायला. पाच मिनिटं वगैरे काही नाही. एक कडवं झालं आणि आपण थांबलो, कारण दुसरं तुला येत नव्हतं. कॅसेटमध्ये ऐकून वहीत देवनागरीत उतरवलं होतंस आणि वही घरी राहिली होती.

आणि मी पुण्याला गेलो तो जून १९९६ मध्ये. बँड त्याच्या आदल्या दिवाळीतच बंद झाला होता, तू बँकेच्या परीक्षेचा क्लास लावलास म्हणून. अडतीतली खोली झाडून द्यायला मी एकटाच गेलो. बँडवाल्याचा साइड ड्रम सायकलच्या कॅरिअरला बांधून परत केला, तेव्हा आकाशकंदील लागलेले होते, म्हणून लक्षात आहे. राग नाही बाबा. पण 'ड्रमर पुण्याला गेला आणि बुडालं' हे मी आजवर तिघांकडनं ऐकलं. तिघांनाही तूच सांगितलंयस.

पेठेतला_पोरगा

आयला.

तुंबा

म्हणजे ड्रमरला सालोमालो केलं की हो.

टेबललँड

लाइव्ह एडचा सीन कापावा लागणार.

रंकाळावेस

प्लगचं मान्य. आता वायर डोळ्यांसमोर आली, काळी, मधे पांढरी चिकटपट्टी लावलेली. पण मला अंधार आठवतो रे. खरंच आठवतो. डोळे मिटले होते की काय कोण जाणे.

क्लासचंही खरं आहे. मात्र मी तो दिवाळीनंतर लावला होता.

साइडड्रम

आधी. फीला पैसे पाहिजेत म्हणून तू गिटार विकलीस, गंगावेशीतल्या एकाला, तीनशे रुपयांना. ती आपण दोघांनी वर्गणी करून घेतली होती.

रंकाळावेस

विकली नव्हती, चुलतभावाला दिली होती.

मूळ लेखात दुरुस्ती करावी म्हटलं तर संपादनाची मुदत संपलीय. भाच्याला धागा वाचायला पाठवला होता, त्याचा आत्ताच मेसेज आला. नुसतं "मामा" एवढंच लिहिलंय.

तू कोल्हापुरात आहेस का? शनिवारी ये. रस्सा असतोय.

साइडड्रम

येतो. दीडशे रुपये काढून ठेव.